मागचं अंगण, पुढची खोली : छोटं घर बागेकडे वाढवताना आधी काय तपासावं?

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांच्या कडेला गेल्या तीस-चाळीस वर्षांत हजारो रो-हाऊस आणि छोटे बंगले उभे राहिले. बहुतेकांचा आराखडा सारखाच. पुढे गाडी लावण्यापुरती जागा, मग हॉल, मधे एखादी खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे थोडं अंगण. त्या अंगणात कढीपत्ता, जास्वंद, तुळस, कपडे वाळत घालायची तार, धुणं-भांड्याची मोरी आणि सेप्टिक टँकचं झाकण.

कुटुंब वाढतं, मुलं मोठी होतात, आई-वडील राहायला येतात आणि घर कमी पडू लागतं. मग सगळ्यांची नजर त्याच मागच्या अंगणावर जाते. "तिकडे एक खोली काढू" हा सल्ला कुणीही देतं. पण ही खोली चुकीच्या पद्धतीने काढली, तर घर मोठं होऊनही आधीपेक्षा अंधारं आणि दमट होतं. बाग गेलेली असते ती वेगळीच. वरून महापालिकेची नोटीस येण्याचीही शक्यता असते.

घर वाढवावं आणि ते बागेशी जोडलेलंही राहावं, यासाठी नेमकं काय बघायचं, ते पाहूया.

आधी मोजा : कमी काय पडतंय, जागा की उजेड?

एक साधं उदाहरण घेऊ. प्लॉट २० फूट रुंद आणि ५० फूट लांब. पुढे १० फूट मोकळे, घराची खोली २८ फूट, मागे १२ फूट अंगण. रो-हाऊस असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांना लागून. म्हणजे उजेड आणि वारा आत यायला दोनच तोंडं आहेत, पुढचं आणि मागचं.

खिडकीतून येणारा उजेड किती आत पोहोचतो, याचा एक ढोबळ हिशेब आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच, त्याच्या साधारण दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड मिळतो. वरची कड ७ फुटांवर असेल, तर १४ ते १७ फूट. २८ फुटांच्या घरात पुढून १५ आणि मागून १५ फूट उजेड आला, तर मधली खोली कशीबशी भागते.

आता मागचं सगळं अंगण बांधून टाकलं, तर घर २८ ऐवजी ४० फूट खोल होतं. पुढून १५, मागून १५ आणि मधे १० फूट कायमचा अंधार. आतल्या भिंतींमुळे हा पट्टा प्रत्यक्षात आणखी वाढतो. त्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत आणि भिंतींना बुरशीचा वास येऊ लागतो. २४० चौरस फूट मिळवताना आधीची चांगली खोली हातची गेली, असा हा व्यवहार होतो.

म्हणून पहिला प्रश्न "किती बांधायचं?" हा नाही. कागदावर घराचा नकाशा काढा आणि प्रत्येक खोलीत दुपारी बाराला आणि संध्याकाळी पाचला दिवा लागतो का, ते आठवडाभर लिहून ठेवा. अनेकदा जागा पुरेशी असते. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला एक अरुंद दार आणि वर छोटी खिडकी असते, त्यामुळे घर कोंडल्यासारखं वाटतं, एवढंच.

तीन प्रकारची कामं

बागेशी घर जोडण्याचे साधारण तीन मार्ग आहेत.

पहिला, नुसतं भिंतीतलं तोंड मोठं करणं. अडीच फुटांच्या दाराऐवजी सहा-सात फूट रुंद दार आणि बाहेर एक ओटा. नवीन खोली बांधायची नाही. खर्च सगळ्यात कमी, फरक सगळ्यात जास्त.

दुसरा, पडवी. मागच्या भिंतीला लागून चार-पाच फूट रुंद, छप्पर असलेली पण बाजूंनी उघडी जागा. वरच्या उदाहरणात ५ फुटांची पडवी काढली तर १०० चौरस फूट जागा मिळते आणि ७ फूट रुंद बाग शिल्लक राहते. पडवीच्या छपरामुळे आतला उजेड थोडा कमी होतो. म्हणून छप्पर शक्य तितकं उंच ठेवावं आणि कौलारू असेल तर मधे चार-सहा काचेची कौलं घालावीत.

तिसरा, खोली आणि छोटा चौक. खरोखरच एक खोली हवी असेल, तर ती जुन्या घराला पूर्ण चिकटवण्याऐवजी मधे पाच-सहा फुटांचा आकाशाकडे उघडा चौक सोडता येतो. मधल्या खोलीचा उजेड शाबूत राहतो आणि बाग घराच्या मागे न राहता घराच्या पोटात येते. मात्र यासाठी मागे बरीच जागा लागते. १२ फुटांच्या अंगणात हे बसवणं अवघड आहे.

यातलं काहीच नवं नाही. कोकणातल्या घरांत ओटी, माजघर, मागची पडवी, मग मागीलदार आणि परस असा क्रम असतो. घर एकदम संपून बाग सुरू होत नाही, ते पायरीपायरीने मोकळं होत जातं. देशावरच्या वाड्यांत तेच काम चौक करतो. भाजी निवडणं, धान्य पाखडणं, मुलांना न्हाऊ घालणं ही कामं याच अर्ध्या आतल्या, अर्ध्या बाहेरच्या जागेत होत असत. फ्लॅट आणि रो-हाऊसच्या नकाशांतून ही मधली जागा गळाली. आज हवी असते ती बहुधा हीच.

कोलंबोतलं एक प्रसिद्ध उदाहरण

श्रीलंकेचे वास्तुविशारद जेफ्री बावा यांचं कोलंबोतलं घर याच विचारासाठी जगभर अभ्यासलं जातं. ३३ व्या लेनमधल्या ११ क्रमांकाच्या या घराची सुरुवात एका गल्लीतल्या चार छोट्या घरांपैकी एका घरापासून झाली. १९५८ नंतर साधारण दहा-बारा वर्षांत बावांनी ही चारही घरं टप्प्याटप्प्याने जोडून एक केली. जोडताना त्यांनी मोकळ्या जागा बुजवल्या नाहीत. लहान-लहान चौक, पाण्याची कुंडं, वरून उजेड येणारे कोपरे तसेच ठेवले किंवा नव्याने केले. काही चौक तर जेमतेम एखादं झाड मावेल एवढेच आहेत. बाग जोडायला मोठी जमीन लागत नाही, उजेड कुठून येतो हे कळावं लागतं, हे या घरात दिसतं. कोलंबोचं हवामान उष्ण आणि पावसाचं असल्याने ही युक्ती आपल्याकडेही चालते.

भिंत फोडण्याआधी

मोठं दार करायचं म्हणजे भिंत फोडायची. इथे सगळ्यात गंभीर चूक होऊ शकते.

घर दोन प्रकारचं असतं. एक आरसीसी फ्रेमचं, म्हणजे भार कॉलम-बीमवर आणि भिंती फक्त भरलेल्या. दुसरं लोड बेअरिंग, म्हणजे छताचा भार थेट भिंतींवर. जुने छोटे बंगले आणि बैठी घरं बऱ्याचदा दुसऱ्या प्रकारची असतात. ९ इंची भिंत आणि कुठेच कॉलम दिसत नसेल, तर ती भार घेणारीच आहे असं समजून चालावं. नक्की काय ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्यक्ष पाहून सांगायचं असतं. मिस्त्रीच्या अंदाजावर ही भिंत फोडू नये.

भार घेणाऱ्या भिंतीत किती मोठं तोंड ठेवता येतं, यालाही मर्यादा आहे. भूकंपरोधक बांधकामासाठीच्या आयएस ४३२६ या भारतीय मानकात एकमजली विटांच्या घरासाठी एका भिंतीतल्या सगळ्या दार-खिडक्यांची एकूण रुंदी भिंतीच्या लांबीच्या ५० ते ६० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलं आहे. भूकंपाचा धोका जितका जास्त, तितकी ही मर्यादा कडक. दुमजली घराला ती ४२ ते ५० टक्के होते. २० फूट रुंद मागच्या भिंतीत सगळी मिळून ८ ते १० फूट तोंडं ठेवावीत, असा याचा सरळ अर्थ. दार भिंतीच्या अगदी कोपऱ्याला भिडवणंही टाळावं. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप महाराष्ट्राने पाहिला आहे, तेव्हा हा नियम फक्त कागदावरचा नाही.

फोडण्याचा क्रमही ठरलेला असतो. आधी छताला आतून-बाहेरून टेकू द्यायचे. मग वरच्या भागात खाच घेऊन लोखंडी किंवा आरसीसी बीम बसवायचा. बीमची दोन्ही टोकं भिंतीवर किमान सहा इंच टेकलेली हवीत. मोठ्या तोंडासाठी त्याखाली काँक्रीटचा ठोकळाही द्यावा लागतो. बीमने भार घेतल्यावरच खालची भिंत काढायची. "आधी फोडू, मग बीम टाकू" असं कुणी म्हणालं, तर काम तिथेच थांबवावं.

जुनं आणि नवं एकत्र खचत नाही

नवीन पडवी किंवा खोली जुन्या घराला टेकवली, की दोन-तीन पावसाळ्यांत सांध्यावर उभी भेग दिसू लागते. कारण साधं आहे. जुनं घर जितकं बसायचं तितकं बसलेलं असतं, नवं बांधकाम अजून बसायचं असतं.

काळ्या मातीत हा त्रास जास्त होतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया या मातीतच उथळ ठेवला, तर वरचं बांधकाम दरवर्षी किंचित वर-खाली होतं. म्हणून खड्डा मुरूम किंवा पक्का थर लागेपर्यंत न्यावा लागतो. काळी माती फार खोल असेल, तर अंडर-रीम्ड पाईल, म्हणजे खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, हा पर्याय इंजिनिअर सुचवतात.

जुन्या-नव्याच्या मधे मुद्दाम बारीक फट सोडून ती लवचीक सीलंटने भरणं आणि वरून पट्टी लावणं, हा चांगला उपाय. नुसतं प्लास्टर करून सांधा झाकला, तर भेग परत येणारच.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. ती म्हणजे अंगणाखाली काय आहे. सेप्टिक टँक, ड्रेनेजचे चेंबर, पाण्याची टाकी, बोअरवेल हे सगळं बहुधा मागेच असतं. सेप्टिक टँकवर खोली बांधली, तर पुढे उपसा करणारी गाडी आणि तिचा पाइप पोहोचणार कुठून? चेंबरचं झाकण स्वयंपाकघराच्या फरशीखाली गेलं, तर तुंबल्यावर फरशी फोडावी लागते. काम ठरवण्याआधी ही सगळी ठिकाणं नकाशावर खुणा करून घ्या.

पाणी कुठे जाणार?

आपल्याकडे घर बागेशी जोडताना खरी परीक्षा जूनमध्ये होते.

परदेशी फोटोंत आतली फरशी आणि बाहेरचं अंगण एकाच पातळीवर दिसतं. दिसायला सुंदर, पण मुसळधार पावसात तेच पाणी आत घेतं. जुन्या घरांचं जोतं दीड-दोन फूट उंच असतं ते उगाच नाही. त्यामुळे पातळी टप्प्याने उतरवावी. आतल्या फरशीपेक्षा पडवी किमान दोन इंच खाली, पडवीपासून बाग दोन-तीन पायऱ्या खाली. घरात व्हीलचेअर वापरणारं किंवा गुडघ्यांचा त्रास असणारं कुणी असेल, तर पायऱ्यांच्या शेजारी उतरण करावी आणि दारापुढे जाळीचं झाकण असलेली पन्हळ द्यावी.

पडवीच्या आणि ओट्याच्या फरशीला घरापासून बागेकडे ढाळ हवा. दर १० फुटांना सव्वा इंच हा किमान हिशेब. मिस्त्रीने फरशी बसवली, की एक बादली पाणी ओतून बघावं. पाणी घराकडे सरकलं किंवा मधे थांबलं, तर फरशी ओली आहे तोवरच दुरुस्ती करून घ्यावी.

छपराचं पाणीही मोजावं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी जमतं. १०० चौरस फुटांच्या पडवीवर ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर साडेचारशे लिटरहून अधिक पाणी खाली येणार. ते शेजाऱ्याच्या भिंतीवर पडता कामा नये. पन्हळीतून पाइपाने टाकीत, शोषखड्ड्यात किंवा बोअरवेलच्या पुनर्भरणाला न्यावं. जुनी भिंत आणि पडवीचं छप्पर जिथे मिळतं, तिथे पत्र्याची किंवा वॉटरप्रूफिंगची पट्टी भिंतीत खाच घेऊन बसवावी. गळती सुरू होते ती बहुधा याच रेषेवर.

ऊन कोणत्या बाजूने येतं?

मोठं काचेचं दार कोणत्या दिशेला आहे, यावर घर थंड राहणार की भट्टी होणार, हे ठरतं.

मागची बाजू दक्षिणेला असेल, तर काम सोपं आहे. पुण्याच्या अक्षांशावर २१ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. मार्चच्या अखेरीस तो ७१ अंशांच्या वर जातो. दारावर दोन फुटांचा छज्जा असेल, तर डिसेंबरात वरच्या सव्वादोन फुटांवरच सावली पडते आणि खाली कोवळं ऊन आत येतं. मार्चअखेर हीच सावली सहा फुटांहूनही खाली उतरते. थंडीत ऊन आणि उन्हाळ्यात सावली, दोन्ही एकाच छज्जातून मिळतात.

पश्चिमेला मात्र छज्जाचा उपयोग नाही. दुपारी चारनंतरचं ऊन तिरपं, थेट आत घुसतं. तिथे खोल पडवी, बांबूची चिकं, विटांची जाळी किंवा वेल चढवलेला मांडव हवा. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या उघड्या काचेमागे बसणं अशक्य होतं. उत्तरेचा उजेड सगळ्यात शांत. पूर्वेचं ऊन सकाळपुरतं, त्यामुळे स्वयंपाकघराला चालतं.

छपरासाठी पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट स्वस्त आणि झटपट वाटते, पण तिच्याखाली उन्हाळ्यात बसवत नाही. मंगलोरी कौलं किंवा खाली अस्तर असलेला पत्रा बरा. साधा पत्रा पावसात इतका वाजतो, की फोनवर बोलता येत नाही.

डास, साप आणि चोर

बागेकडे दार उघडलं, की या तिघांचा विचार करावाच लागतो. नाहीतर हौसेने केलेलं दार वर्षभर बंदच राहतं.

डासांसाठी सरकत्या दाराला तिसरा पल्ला जाळीचा घ्यावा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यामुळे कुंड्यांखालच्या ताटल्या, पन्हळी आणि बादल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून कोरड्या कराव्यात. सापांसाठी भिंतीलगत दोन फुटांचा फरशीचा किंवा खडीचा पट्टा मोकळा ठेवावा, तिथे लाकडं आणि विटांचे ढीग रचू नयेत आणि दाराखाली फट ठेवू नये. सुरक्षेसाठी सरकतं लोखंडी ग्रिल दारासोबतच डिझाइन करून घ्यावं. नंतर बसवलेलं ग्रिल दाराला अडतं.

परवानगी लागतेच

"आपल्याच जागेत बांधतोय, परवानगी कशाला?" हा मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार बांधकामाला परवानगी लागते आणि विनापरवाना काम पाडण्याची नोटीस देता येते. मुंबई महापालिकेचं क्षेत्र आणि काही वगळलेले भाग सोडले, तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. प्लॉटच्या मागे आणि बाजूला किती जागा मोकळी सोडायची, ते यात ठरवून दिलं आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. मागचं अंगण हे बऱ्याचदा "शिल्लक राहिलेली जागा" नसून कायद्याने मोकळी ठेवायला लावलेली जागा असते. त्यात खोली मंजूर होणार नाही, पत्र्याची शेडही आपोआप वैध ठरत नाही. छोट्या प्लॉटसाठी मंजुरीची प्रक्रिया सोपी केलेली असली, तरी मोकळ्या जागेचे नियम सुटत नाहीत. म्हणून सगळ्यात आधी मंजूर नकाशा शोधा आणि परवानाधारक आर्किटेक्टला दाखवा. सोसायटी असेल तर तिची संमतीही लागते. मंजूर नकाशाबाहेरचं बांधकाम घर विकताना नडतं, कारण खरेदीदाराची बँक कागद तपासते.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ नुसार वीस वर्षं विनाअडथळा मिळत आलेल्या उजेड-हवेवर शेजाऱ्याचा हक्क तयार होऊ शकतो. शहरी भागात झाड तोडायचं असेल, तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. शक्य असेल तर आंबा, शेवगा, पारिजातक जिथे आहे तिथेच ठेवून पडवी त्याच्याभोवती वळवावी. तयार सावली विकत मिळत नाही. वड, पिंपळ, उंबर यांची रोपं मात्र भिंतीत किंवा पायाजवळ उगवली, तर लहानपणीच काढावीत.

काम कधी आणि कोणत्या क्रमाने?

नकाशा, इंजिनिअरची पाहणी आणि परवानगी पावसाळ्यात उरकावी. पाऊस थांबल्यावर, दिवाळीनंतर पाया आणि छप्पर. मागची भिंत सगळ्यात शेवटी फोडावी, म्हणजे घर महिनोनमहिने उघडं पडत नाही आणि स्वयंपाकघरही चालू राहतं. मे अखेरीच्या आत छपराची पाणी ओतून चाचणी झालेली हवी.

काँक्रीटला घाई चालत नाही. क्युरिंग किमान सात दिवस, कोरड्या-गरम हवेत दहा. आयएस ४५६ नुसार साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवस ठेवावेत. ठेकेदाराला पैसे टप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर देण्याचं आधीच लिहून घ्यावं.

पैसे कमी असतील, तर आधी फक्त दार मोठं करून, बाहेर ओटा घालून एक वर्ष राहून बघावं. संध्याकाळचा चहा, मुलांचा अभ्यास, आजीचं भाजी निवडणं बाहेर सरकलं, तर आतली जागा आपोआप मोकळी होते. त्यानंतरही खोली हवीशी वाटली, तर ती काढता येते. पण एकदा बांधलेलं अंगण परत मिळवणं फार महाग पडतं.